काळ्यावर काहीही चालतं

माझी धाकटी बहीण बेबी चौसष्ट वर्षांची आहे. हे नाव तिला लहानपणी चिकटलं आणि अक्कलही बहुधा त्याच वयात थांबली. हे मी तिच्या तोंडावर सांगते, त्यामुळे मागून बोलल्याचं पाप माझ्या माथी नाही. तरीही कपडे घ्यायला मी तिलाच बरोबर नेलं. मला दोन चांगले डोळे हवे होते आणि रिकामटेकडे डोळे आमच्या घराण्यात तिच्याचकडे होते.

मी आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचल्या. काचेच्या त्या खोलीत मी काय घालून बसले आहे याच्याशी कुणालाही कर्तव्य नव्हतं. युद्ध सुरू झाल्याची बातमी मी घरच्या सपाता घालून वाचली आहे आणि सरकार पडल्याची, बाही उसवलेल्या स्वेटरात. ऐकणारे दोन्ही वेळा हबकले. आता माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडले आहेत. कडेकडेने दिसतं, समोरचं दिसत नाही, आणि सगळे रंग चहात बुडवून काढल्यासारखे एकच वाटतात. म्हणजे मला लोक दिसेनासे झाले आणि नेमकी तेव्हाच लोकांना मी दिसायला लागले.

झालं असं, की आमच्या जुन्या ध्वनिमुद्रकाच्या शोकसभेला मी फुलाफुलांच्या स्कर्टवर आडव्या पट्ट्यांचा शर्ट घालून गेले. पायात एक बूट काळा, एक तपकिरी. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट सगळे माझ्याशी एकदम गोड बोलायला लागले. ज्या बाईने मला जन्मात कधी खुर्ची दिली नाही तिने माझा कोपर धरून मला बसवलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी घरी पोहोचायच्या आत बातमी माझ्या मुलापर्यंत पोहोचली होती. आमच्या काळात बातम्या इतक्या वेगाने जात नसत.

मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आईशीही कर्ज नाकारल्यासारखा बोलतो, हळू आणि सहानुभूतीने. "आई, आता एकटीने राहणं पुरे झालं," तो म्हणाला. त्याने वृद्धांचा एक निवास पाहून ठेवला होता. तिथे बाग आहे, मोकळी हवा आहे, चोवीस तास सोबत आहे.

"हवा माझ्याही घरात आहे," मी म्हटलं. "आणि चोवीस तास सोबत मला तुझ्या बाबांचीही झेपली नव्हती."

"आम्ही पुढच्या रविवारी येतो. बघतो तुझं कसं चाललंय ते. मग ठरवू."

ठरवू म्हणजे त्याने ठरवलं होतं. हे घर मी माझ्या पगारातून घेतलेलं आहे. इथे माझा हात न चाचपडता दिव्याच्या बटणावर जातो. मी भाजी चिरते, गॅस पेटवते, नळ गळायला लागला तर प्लंबरला फोनवरून असा झापते की तो धावत येतो. पण त्यातलं काहीही कुणी विचारलं नाही. निकाल लागला तो बुटांवरून. बरं, बुटांवरून तर बुटांवरून. परीक्षेत जे विचारतात त्याचाच अभ्यास करायचा असतो.

मुलाने मदत म्हणून मला एका तरुणाचे व्हिडिओ पाठवले. एकमेकांवर जाणारे कपडे कसे घ्यावेत हे तो शिकवतो. मला चित्र दिसत नाही, म्हणून मी नुसतं ऐकलं. "तुमच्या कपाटाला तुमच्याशी बोलू द्या," तो म्हणाला. माझं कपाट माझ्याशी बोलायला लागलं तर मी निवासात नाही, थेट वेड्यांच्या इस्पितळात जाईन. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो आवाज वर नेतो, जणू स्वतःचंच बोलणं त्याला खरं वाटत नाही. पुढे त्याने माणसांचे ऋतू केले. कुणी वसंत, कुणी शिशिर. कपडे घेताना आपला ऋतू ओळखा म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्याकडे असा उमेदवार आवाजाच्या चाचणीलाच घरी गेला असता.

मी माझा नियम केला. कपाटात अंधारात हात घालावा, हाताला लागेल ते वर, हाताला लागेल ते खाली, आणि तरी माणसांत जाता आलं पाहिजे. म्हणजे खाली फक्त काळं. वर फक्त पांढरं आणि राखाडी. नक्षी नको, पट्टे नकोत, फुलं तर अजिबात नकोत. शिवाय प्रत्येक कपडा हाताला वेगळा कळायला हवा. कॉलर असेल तो शर्ट पांढरा, बिनकॉलरचा राखाडी. स्वेटर एकच, तोही काळा. बूट एकाच जातीचे, एकाच रंगाचे. या नियमात चूक व्हायला जागाच नव्हती आणि मी स्वतःवर फारच खूश होते.

बेबीला हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसला.

"सगळंच काळं-पांढरं? ताई, तू काय बुद्धिबळाचा पट आहेस?"

"हो. आणि तू त्यातलं प्यादं आहेस. सरळ चालायचं, एकेक घर."

दुकानात शिरल्याबरोबर ती तिरकी चालायला लागली. दर चार पावलांवर "अय्या" आणि "हे बघ किती गोड!" मी काय बघणार, कपाळ? एक विक्रेती मुलगी आली. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं, कारण तिने मला सोडून बेबीला विचारलं, "आजींना कुठला कलर आवडतो?"

"आजी इथेच उभ्या आहेत," मी माझ्या बातम्यांच्या आवाजात म्हणाले. "आजींचे डोळे गेलेत, जीभ जागेवर आहे. काळ्या पॅंट दाखव. इलॅस्टिकच्या नकोत, मला अजून कंबर शिल्लक आहे."

आजूबाजूचे हॅंगर खडखडायचे थांबले. त्या आवाजाने मी एकेकाळी सगळं शहर गप्प केलं होतं, एक दुकान म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. मुलगी घाईघाईने पॅंट आणू लागली, बेबीही तिच्यामागे धावली. मी प्रत्येकीची शिवण बोटांनी तपासली, खिसे उलटे केले, कापड मुठीत चुरगळून पाहिलं. रंग मात्र बेबीला विचारत होते.

"ही काळी?"

"काळी."

"निळी-बिळी नाही ना? गडद निळ्याला काळं म्हणण्याची लोकांना खोड असते."

"अगं काळी म्हणजे काळी. काळ्यावर काहीही चालतं, तूच म्हणालीस ना?"

बिनकॉलरचे शर्ट आले तेव्हा ती जरा वेळ त्या मुलीशी कुजबुजली. मग एक शर्ट तिने माझ्या हातात दिला. कापड सुरेख होतं, मऊ आणि जरासं जड.

"राखाडी?"

"राखाडीच गं ताई. छान राखाडी आहे."

मी तो घेतला. तसाच आणखी एक घेतला. तिने ट्रायल रूममध्ये माझी बटणं लावून दिली, खांदे नीट केले, "किती शोभतंय" म्हणाली. मी तिला म्हटलं, की आज पहिल्यांदाच तू उपयोगाला आलीस. ती खुदकन हसली. माझ्या तोंडून कौतुक निघणं तिच्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही.

रविवारी मी अंधार असताना उठले. मुद्दाम दिवा लावला नाही. कपाटात हात घातला आणि नियमाप्रमाणे जे लागलं ते घातलं, काळी पॅंट आणि राखाडी शर्ट. बूट एकमेकांशी जुळवून पाहिले. केस बांधले. बेबी आधीच येऊन कॉफी करत बसली होती. मग मुलगा आणि सून आले.

सुनेबद्दल सांगायला हवं. ती दातांची डॉक्टर आहे. माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि आत काय किडलंय ते सांगायचं हा तिचा धंदा, आणि घरातही ती तो चालू ठेवते. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा सगळे माझ्या सूपचं कौतुक करत होते आणि ही म्हणाली, "मीठ जास्त झालंय." ते मीठ मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून मी तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

मी बाहेरच्या खोलीत गेले. मग मुलगा म्हणाला, "आई, छान दिसतेस."

आवाजावरच माझं पोट चालत आलं. "छान" म्हणण्याआधी त्याने घेतलेला तो छोटासा श्वास मी ओळखते. फुलदाणी फोडून "मांजराने फोडली" म्हणतानाही त्याने तोच घेतला होता.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही गं. खरंच छान. बस ना."

"काय झालंय ते मला सांगा."

"आई," सून म्हणाली, "पॅंट लालभडक आहे. शर्ट पिवळा आहे, मोहरीसारखा. दोन्ही एकत्र फार वाईट दिसतंय."

मी पॅंटच्या शिवणीवर हात फिरवला, जणू रंग बोटांना लागणार होता.

"बेबी?"

ती कॉफीत चमचा ढवळतच राहिली. "ताई, राखाडी आणि काळ्यात तू अगदी मेल्यासारखी दिसली असतीस. मला वाटलं जरा रंग असावा अंगावर. आणि तुला कुठे दिसणार होतं?"

माणसं ओळखायचा मला केवढा गर्व! मुलाचा श्वास मला खोलीच्या त्या टोकाला ऐकू येतो आणि बेबीचं धडधडीत खोटं मला कानाशी ऐकू आलं नव्हतं. येणार कसं? तिच्या आवाजाकडे मी जन्मात कधी लक्षच दिलं नव्हतं. ज्या बहिणीला मी पदोपदी मूर्ख म्हटलं तिच्याच हाती डोळे दिले, आणि वर स्वतःला हुशार समजत राहिले. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. बेबी मुसमुसायला लागली. मी तिला गप्प केलं नाही, इतकी मी काही चांगली नाही.

"बघ," मुलगा त्याच हळू आवाजात म्हणाला, "म्हणूनच मी म्हणतोय. आज कपडे आहेत. उद्या आणखी काही असेल. चल, आता ठरलंच."

"काय ठरलं?" सून म्हणाली. "आईंनी काळं मागितलं, मावशींनी लाल दिलं. यात आईंना काय जमत नाही?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकते आहे. मिठाची ही बाई माझ्या बाजूने बोलत होती. खरं म्हणजे ती माझ्या बाजूने बोलतच नव्हती. समोर जे आहे तेवढं बोलत होती, नेहमीसारखं. आणि मला इतक्या वर्षांत असं माणूस घरात असून नको होतं.

"तू येशील माझ्याबरोबर दुकानात?" मी तिला विचारलं. "हे सगळं बदलून आणायला?"

"येईन. पण तिथे तो रेडिओचा आवाज लावायचा नाही. विकणाऱ्या पोरींचा काय दोष?"

"ठीक आहे," मी म्हणाले. ते म्हणताना माझं नाक बरंच खाली आलं. कपडे एकमेकांवर कसे जातील याचा मी इतका विचार केला होता आणि माझ्या बाजूला कोण उभं राहील याचा घटकाभरही केला नव्हता. एकदा विचारलंच आहे तर अर्धवट कशाला, असं वाटून मी म्हटलं, "आणखी काय दिसतं तुला?"

"कशात?"

"घरात. मला न दिसणारं."

"जाऊ दे ना," मुलगा म्हणाला.

"सांगू?" तिने मलाच विचारलं.

"सांग."

"स्वयंपाकघरातला पडदा खालून जळलाय. गॅसच्या बाजूचा. चांगला हातभर. भिंतही काळी झालीये."

मध्ये एकदा दुपारी जळका वास आला होता. मी खिडकी उघडून वरच्या मजल्यावरच्यांना नावं ठेवली होती. यांना दूध तापवायची अक्कल नाही, असं मोठ्याने म्हणाले होते.

"बघितलंस?" मुलगा उठलाच. "मी काय म्हणत होतो?"

"तू जरा गप्प बस," सून त्याला म्हणाली. "त्यांनी विचारलंय."

मी घाबरले होते. खोटं कशाला बोलू, आणि त्या लालभडक पॅंटमध्ये ते सगळ्यांना दिसलंच असेल. हे घर ठेवायचं की सोडायचं ते मीच ठरवणार होते, पण आपण राहतो कशात हेच मला ठाऊक नव्हतं. मी खुर्ची चाचपली, बसले आणि तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"दारापासून सुरू कर," मी म्हणाले. "आणि काहीही गाळू नकोस."