हाताची सावली

सुट्टीच्या दुपारी मुकादम संगणकापुढे बसला, की घरातली भांडीसुद्धा दबकून वाजत.

खेळ जुना होता. खेळणारा त्यात देव. पडद्यावर एक मोठा हात फिरे. खाली चिमुकली गावं, चिमुकली माणसं. त्यांना धान्य द्यावं, पाऊस द्यावा, नाहीतर वीज टाकावी. मुकादमाला वीज आवडे. त्या दिवशी त्यानं नदीकाठचं गाव पेटवलं, पळणाऱ्यांना चिमटीत धरून कड्यावर आपटलं.

"पाया पडत नाहीत म्हणजे काय!"

बायको चहा घेऊन आली. कप ठेवताना पायात वायर अडकली, पडदा काळा झाला. त्यानं न बघताच उलटा हात मारला. ती टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, चहात ठिबकलं.

मुलगी धावत जाऊन आत्याला घेऊन आली. आत्या म्हणजे मुकादमाची थोरली बहीण, दवाखान्यात नर्स. तिनं जखमेवर कापूस दाबून धरला.

"कशी पडलीस गं?"

"पाय घसरला तिचा," मुकादम म्हणाला.

"तुझी फरशी भारी घसरडी आहे रे. हीच तेवढी पडते. तू कधी पडत नाहीस."

"आक्का, धाक लागतो. कारखान्यात मला देव म्हणतात, उगाच नाही."

"ऐकलंय मी. 'देव आला' म्हटलं की माणसं मशीनआड होतात. तो इशारा आहे, येड्या. तू त्याला मान समजलास."

एवढ्यात मुलीनं निसटलेली वायर खोचली, पडदा पुन्हा उजळला. तिनं माऊस धरला, पडद्यावरच्या हाताच्या मुठीत धान्य घेतलं आणि जळक्या गावावर नेलं. हाताची सावली पडली तशी माणसं किंचाळत पळाली. आया लेकरांना पोटाशी धरून पालथ्या पडल्या.

"मी तर धान्य आणलंय," मुलगी पुटपुटली. "पण हात बाबांचाच आहे ना. त्यांना कसं कळणार?"

मुकादम उठला. बायकोच्या गालावरचं रक्त पुसायला त्यानं हात पुढे केला. तिनं दोन्ही कोपर डोक्यावर घेतले. मुलगी टेबलाखाली गेली.

तो हात तसाच हवेत राहिला. आज त्यात मार नव्हता, माया होती. पण ते कुणाला कळणार?

"टाके घालून हिला माझ्या घरी नेते," आक्का म्हणाली. "पोरीलाही. परत कधी यायचं, यायचं की नाही, ते हीच ठरवेल."

त्यानं वाट सोडली.

पुढच्या सुट्टीला तो आक्काच्या दारात उभा राहिला, उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागे बांधून. कारखान्यात सगळ्यांसमोर माफी मागितली, म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. भुवईवर टाके अजून काळे होते.

"आज नको. पुढच्या आठवड्यात या."

"येईन," तो म्हणाला, आणि मुकाट परतला.

मित्रहो, आपल्या घरात कुणी आपल्याला बघून गप्प होत असेल, तर त्याला आदर समजू नका. उगारलेला हात एका क्षणात भीती पेरतो. मग त्याच हातानं पाऊस पाडा, धान्य वाटा, माणसं आधी सावलीच बघतात. आणि ती माणसं आडोशातून बाहेर कधी यायची, हे हात ठरवत नाही.