धक्क्यावरची मुकी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. धक्क्याच्या टोकाला, खाऱ्या वाऱ्यात, माझं सारं आयुष्य गेलं. माझा आवाज दाट धुक्यातही मैलभर जायचा आणि होड्या माझ्या भरवशावर घरी यायच्या. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

काम साधं होतं. धुकं पडलं की भरतीत मला वाजवायचं आणि ओहोटी लागली की थांबायचं. ओहोटीत खाडीच्या तोंडाशी खडक उघडे पडतात. मी गप्प झाले की होड्यांनी बाहेरच थांबायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. होडीवाले उत्तर म्हणून पत्र्याचा डबा वाजवत. प्रत्येकाचे ठोके ठरलेले.

माझी दोरी एका अबोल माणसाच्या हाती होती. त्याचा थोरला भाऊ मासेमारी करायचा. त्याचे ठोके तीन. एके दुपारी धुक्यात हाताला हात दिसेना. थोरल्याचे तीन ठोके लांबून येत होते, तेवढ्यात ओहोटी लागली आणि दोरीवाल्याने हात थांबवला. शेजारी त्याची वहिनी उभी होती.

"भाऊजी, अजून जरा वाजवा. आलेच की ते."

"वहिनी, पाणी उतरलंय."

"पाच मिनिटांनी काय होतंय? एवढ्या थंडीत त्यांना बाहेर ठेवणार का?"

त्याला नाही म्हणवेना. त्याने दोरी ओढली आणि मीही जीव तोडून वाजले. तीन ठोके जवळ आले, आणखी जवळ आले, मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला. होडीच्या फळ्या सापडल्या, माणूस सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोरीवाल्याने माझा लोळा, म्हणजे माझी जीभच, काढून समुद्रात टाकला. धक्क्यावर भोंगा आला. मला हिरवा गंज चढला, कावळ्यांनी डोक्यावर शिटून ठेवलं. पण धुक्यात ओहोटी लागली की खडकांपलीकडून अजून डब्याचे तीन ठोके येतात. भोंग्याला ते दाद देत नाहीत. दोरीवाला ऐकतो, वहिनीही ऐकते.

गेल्या महिन्यात सहलीला एक मास्तर आले. "एवढी मोठी घंटा आणि मुकी?" असं म्हणत त्यांनी छत्रीच्या दांड्याने मला टोला हाणला. धुकं होतं, ओहोटी होती. इतक्या वर्षांनी वाजताना मला क्षणभर बरंच वाटलं, त्याची आज लाज वाटते. लगेच तीन ठोके आले. वहिनी, आता पिकल्या केसांची, अनवाणी धावत आली आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली.

"आलात?" ती धुक्याला म्हणाली. "थांबा, हात देते."

पाणी तिच्या कमरेला लागलं, तरी माझा नाद घुमतच होता. तेव्हा म्हाताऱ्या दोरीवाल्याने धावत येऊन मला मिठी मारली. माझी थरथर त्याच्या छातीत विरली.

"वहिनी, मागे फिरा!"

ठोके थांबले. ती भिजलेली वर आली आणि रडत म्हणाली, "का थांबवलंत, भाऊजी? या वेळी खडक ओलांडले होते त्यांनी."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, घासूनपुसून ठेवा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला मात्र घासू नका. नवा लोळा बसवू नका, गंमत म्हणून टिचकीही मारू नका. दोरीवाला थकलाय, त्याला पुन्हा धावत येणं जमायचं नाही. आणि त्या दिवसापासून ते ठोके खडकांच्या अलीकडून येतात.