ठेक्याचा डबा

डबा वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सगळ्या मांझेसे वस्तीत बोंब झाली आहे की या चाउसिकूने, म्हणजे मी, मुद्दाम फालतू डबा निवडून दिला आणि शोमारीचं वाटोळं केलं. डोंबल! कारियाकूच्या बाजारातल्या त्या दुकानात त्याच्याहून चांगला डबा नव्हता, आणि तो मी या दोन कानांनी निवडला. माझ्यावर काय वाट्टेल तो आळ घ्या, पण मला ऐकू येत नाही असं कोणी म्हटलं तर पायातली चप्पल हातात येईल.

सात वर्षं मी सिंगेलीचे, म्हणजे आमच्या गल्लीतल्या सुसाट नाचगाण्याचे, ठेके बनवते आहे. मिनिटाला दोनशे ऐंशी ठोके. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि आमच्या बायका त्यावर कंबर हलवत असतात. हे सगळं मी एका जुनाट लॅपटॉपवर करते. त्याचं झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलंय. ठेका माझा, आणि त्यावर बोलणारा शोमारी. हा शोमारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोळसा विकायचा आणि गिऱ्हाइकांना यमकं जुळवून शिव्या द्यायचा. मीच त्याला हाताला धरून माईकपुढे उभा केला. तेव्हा त्याच्या नखांतली काजळीसुद्धा निघालेली नव्हती.

यंदा बेल्जियमच्या एका जलशाचं बोलावणं आलं. आणलं किलेओसाहेबांनी. हे आमचे मॅनेजर, म्हणजे आमच्या कार्यक्रमांना उशिरा येणारे आणि सगळ्यात आधी जेवणारे. मी पासपोर्ट काढला. आईने जुन्या कपड्यांचे ढीग उपसून माझ्यासाठी जाडजूड स्वेटर शोधून आणला आणि दारच्या उन्हात मला तो घालून बघायला लावला. घामाने निथळत होते, पण खूश होते. माझा ठेका, माझ्या हाताने, माझ्या नावाने, इतक्या लांब वाजणार होता. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

मग किलेओसाहेब म्हणाले, "चाउसिकू, तिकडच्या लोकांना स्टेजवर लॅपटॉप बघवत नाही. माणूस मेल वाचतोय असं वाटतं त्यांना. ग्रूव्हबॉक्स घेऊ या, ठेके भरून वाजवायचा डबा. बटणं, दिवे, एकदम झकास. तूच निवड, तुला त्यातलं कळतं."

तूच निवड म्हटल्यावर मी फुगले. किती फुगले म्हणून सांगू!

बुधवारी सकाळी आम्ही तिघं कारियाकूत सेफूकाकांच्या दुकानात गेलो. सेफूकाका जुनी वाद्यं, अँप्लिफायर, काय काय दुरुस्त करून विकतात. त्यांनी टेबलावर तीन डबे मांडले.

किलेओसाहेबांनी झडप घातली ती पहिल्यावर. चकचकीत काळा, दिवे लखलखतायत. मी वेगाची कळ फिरवली. दोनशे चाळीसवर जाऊन ती थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नाही," सेफूकाका म्हणाले. "एवढं पुरतं लोकांना."

"आमच्या लग्नात एवढ्यावर म्हाताऱ्या बसून पान लावतात, काका. दुसरा दाखवा."

दुसरा महागातला. वेग भरपूर. पण मी त्यात एका जुन्या, संथ तारब गाण्याचा तुकडा भरला, वेग वाढवला, तर गाणाऱ्या बाईचा आवाज होता तसाच गोड राहिला. शहाणा डबा! वेग वाढवला तरी सूर सांभाळतो म्हणे. अरे, पण आमचं सगळं त्या चिरकण्यातच आहे ना! वेग चढला की आवाज पातळ होऊन किंचाळला पाहिजे, तरच अंगात येतं. मी तो बाजूला सारला.

तिसरा दिसायला अगदीच गरीब. राखाडी, कोपरा झिजलेला, सोळा रबरी बटणं. पण कळ तीनशेपर्यंत गेली, आवाज हवा तसा किंचाळला, आणि बटणावर बोट पडायचा अवकाश की ठोका हजर. मी त्यावर नवरीमुलीच्या वरातीचा एक ठेका जागच्या जागी बसवला. बाहेरचा कलिंगडवाला गाडी सोडून दारात आला आणि नाचायला लागला.

"हाच," मी म्हटलं.

किलेओसाहेबांनी विचारलं, "एकदा तुझे ठेके यात भरले, की हा कोणालाही वाजवता येईल ना?"

"कोणालाही! हे बटण दाबायचं, झालं. तुम्हालासुद्धा जमेल."

स्वतःच्या तोंडाने बोलले मी हे. अजून आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

त्यांनी शोमारीकडे बघून मान हलवली. मग सेफूकाकांना म्हणाले, "पट्ट्याची पिशवी द्या. शोमारीच्या खांद्याला बसेल अशी. विमानात वरच्या कप्प्यात मावली पाहिजे."

"कप्प्यात कशाला?" मी म्हटलं. "मी मांडीवर घेऊन बसेन."

सेफूकाका पिशव्या शोधायला आत गेले ते आलेच नाहीत. शोमारी आपल्या बुटांकडे बघत होता, जणू आजच पहिल्यांदा पाय फुटलेत त्याला.

"तिकिटं दोनच आहेत ना, पोरी," किलेओसाहेब म्हणाले. "एक त्याचं, एक माझं. मॅनेजर लागतोच. पुढच्या वेळी तू नक्की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे माझ्याचकडून निवडून घेणार, माझ्याचकडून भरून घेणार, आणि मला मांझेसेत ठेवून जाणार! स्वतःची जागा घेणारा डबा मी हौसेने वाजवून बघत होते, कलिंगडवाल्याला नाचवत होते!

"तुला माहीत होतं?" मी शोमारीला विचारलं.

"हे बघ चाउसिकू, चिडू नकोस..."

"माहीत होतं का, तेवढं बोल!"

"दोन आठवड्यांपासून." आणि वर म्हणतो कसा, "लोक मला ऐकायला येतात गं. ठेका तोच असणार आहे, मग तू असलीस काय आणि नसलीस काय? तेवढा भरून दे ना. तुझं नाव घेईन मी माईकवर."

नाव घेईन! मेल्या, माझ्याच ठेक्यावर उभा राहून मला माझं नाव भीक म्हणून देतोस?

मी डबा बंद केला, वायर काढली, गुंडाळली, आणि त्याच्या छातीशी धरला. "घे. हाच सगळ्यात चांगला आहे, मी खोटं निवडत नाही. पण रिकामा घे." आणि बाहेर पडले. डालाडालाच्या मिनीबसमध्ये बसून अख्खी वाट रडले. कंडक्टरने भाडंसुद्धा हळू आवाजात मागितलं.

शनिवारी दुपारी शेजारच्या तातूआत्याच्या भाचीच्या लग्नाचा कार्यक्रम होता, गल्लीतच, मांडव घालून. आम्हा दोघांना महिन्याभरापूर्वी सांगून ठेवलेलं. मी शब्द दिला होता म्हणून गेले. लॅपटॉप मांडला, स्पीकरला वायर जोडली. तेवढ्यात शोमारी आला, खांद्याला ती पट्ट्याची पिशवी. मागे किलेओसाहेब, हातात भाजलेल्या मटणाच्या मिशकाकीची काडी, चघळणं आधीच सुरू.

"आज यावर करतो," शोमारी माझ्याकडे न बघता म्हणाला. "साहेबांना गर्दीत बघायचंय कसं होतं ते."

"रिकाम्या डब्यावर काय करणार, कोळसा मोजणार?"

"भरलाय." मान आणखी खाली. "तू सरावाला माझ्या फोनवर दिले होतेस ना ठेके, ते एकाकडून भरून घेतले."

मी त्याच्या अंगावर गेले. खरंच गेले. तातूआत्या मध्ये पडली. "अगं ए, भांडणं उद्या करा, पोरी नटून बसल्यात! कोणीतरी काहीतरी लावा!"

मग मी माझ्या लॅपटॉपची वायर ओढून काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "लाव," म्हटलं. पालथ्या बादलीवर हाताची घडी घालून बसले. हात मोकळे ठेवले असते तर त्याच्या थोबाडावर पडले असते.

त्याने बटण दाबलं. ठेका सुरू झाला. माझाच, दोनशे ऐंशीचा, एक ठोका इकडचा तिकडे नाही. पोरी चीत्कारत उठल्या, आत्यांनी अंगावरची कांग्यांची छापील कापडं कमरेला बांधली. शोमारी बोलत सुटला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. किलेओसाहेब माझ्याकडे बघून हसले, जणू म्हणतायत, बघितलंस? आणि मी बघतच होते. खरंच काही कमी नव्हतं. मी नसूनही काही कमी नव्हतं.

तिसऱ्या कडव्याला त्याला दम लागला. नेहमीच लागतो. आणि माझं बोट आपोआप दंडावर खाली सरकलं.

तेव्हा कुठे मला कळलं. सात वर्षं मी हे करत आले होते. तिसऱ्या कडव्यात त्याचे खांदे उचलले जातात, तेव्हा मी वेग दोन ठोक्यांनी, चार ठोक्यांनी उतरवते, नाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही इतकाच. त्याने दम घेतला की परत चढवते. त्याला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मलाच वाटलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपल्या छातीतच तेवढा दम आहे.

डबा दोनशे ऐंशीवर चाललाच होता. शोमारीचा एक शब्द हुकला. मग अख्खी ओळ गेली. त्याने पुढची ओळ धरायला तोंड उघडलं, तोवर ठेका दोन घरं पुढे निघून गेला होता. पोरी नाचता नाचता थांबल्या. तातूआत्या ओरडली, "अरे, आज जीभ घरी विसरलास का?" सगळ्या खिदळल्या. किलेओसाहेबांची मिशकाकी तोंडापाशीच थांबली.

शोमारीने माझ्याकडे बघितलं. अडखळला की तो नेहमी माझ्याकडेच बघतो. घामाने थबथबलेला, तळहात खाली करून हलवत होता: कमी कर, कमी कर.

मी बादलीवरून उठले नाही.

"मला काय सांगतोस?" मी ओरडले. "डब्याला सांग ना!"