नऊ नंबरचं रिकामं ताट

दुपारी दीडला वॉर्डातली ताटं गोळा झाली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी नऊ नंबरच्या खाटेपुढे नेहमीचं लिहिलं: पूर्ण जेवण घेतले. ताट लख्ख होतं, मग दुसरं लिहिणार तरी काय?

आतड्याचं ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले तरी नऊ नंबरच्या बाईची जखम भरत नव्हती. वजन सहा किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. आहारतज्ज्ञ बाईंनी अंडी वाढवली, दूध वाढवलं. जखम भरायला औषधाइतकंच अन्न लागतं, हे शिकाऊ डॉक्टरांना सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. पण खाल्लेलं जातं कुठे, ते काही कळेना.

अठराव्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई दुसऱ्या कामानिमित्त एक वाजताच वॉर्डात आल्या. नऊ नंबरच्या बाईचा नवरा सुतार होता. कामावरून तसाच आलेला, केसांत भुसा. खाटेशेजारी बसून तो तिचं ताट जेवत होता आणि ती मायेने बघत होती.

"अहो, हे ताट कुणाचं?"

सुतार ओशाळला. "ती म्हणाली, तिचं झालं. उरलेलं टाकायचं कशाला?"

"तुम्ही किती खाल्लंत?" बाईंनी तिला विचारलं.

"दोन घास. ते उपाशी आलेले असतात हो. त्यांच्याआधी जेवायची सवयच नाही मला. बावीस वर्षांत हा नियम कधी मोडला नाही, आता दवाखान्यात मोडू?"

हे ती अभिमानाने बोलली, याचाच बाईंना जास्त राग आला. तिला घरी कुणी मारलं नव्हतं, कुणी कोंडलं नव्हतं. सगळ्यांच्या मागून आणि उरलं तर जेवायचं, एवढंच लहानपणापासून अंगवळणी पाडलं होतं. अशा घरांना आपण चांगली घरं म्हणतो.

त्याच दिवशी नाकातून नळी घातली. उपासमार झालेल्या शरीराला एकदम सगळं अन्न झेपत नाही, म्हणून थोडं थोडं वाढवत नेलं. पण जखमेतले जंतू पुढे निघून गेले होते. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण आलं, जंतुसंसर्ग.

सुतार बाहेरच्या बाकावर बसला होता. आहारतज्ज्ञ बाई शेजारी येऊन बसल्या.

"बाई, खरं सांगा. मी जेवायचो तेव्हा तिला भूक असायची?"

नाही म्हणणं सोपं होतं. आजाऱ्याला भूक नसते, हे कुणालाही पटलं असतं.

"असायची," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तिनेच सांगितलं मला. आणि मी नुसतं रिकामं ताट बघून सही करत राहिले. चूक माझीही आहे."

सुताराने घरी मुलीला फोन लावला.

"जेवलीस का गं?"

"नाही बाबा. तुम्ही आल्यावर जेवते. आई कशी आहे?"

"ते सांगतो. आधी वाढून घे."

"तुमच्याआधी कशी जेवू?"

"जेव म्हणतो ना," त्याचा आवाज फाटला. "आजपासून माझ्यासाठी थांबायचं नाही. बस आणि पोटभर जेव. मी फोन धरून थांबतो."

पलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला. सुतार फोन कानाशी घट्ट धरून बसून राहिला. तिचं जेवण होईपर्यंत त्याला रडायचं नव्हतं.