मामांचा कप

सिंचन अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखांच्या घरी त्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर संशोधनाचे विषय चालले होते. विभागाचं नवं संकेतस्थळ व्हायचं होतं आणि प्रत्येक प्राध्यापकानं आपल्या कामाबद्दल चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. सरांना चार ओळी आयुष्यात कधी पुरल्या नव्हत्या. ते खोलीभर येरझाऱ्या घालत सांगत होते आणि त्याच विद्यापीठात जैविक अभियांत्रिकी शिकवणारी त्यांची लेक लॅपटॉपवर उतरवून घेत होती.

"लिही. पाण्याचं समन्यायी वाटप. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत, त्याचा पाण्यावर पहिला हक्क."

"बाबा, हे मघाशीच लिहिलंय."

"मग परत लिही. जन्मभर हेच सांगतोय, तरी कुणाच्या डोक्यात शिरत नाही."

यात दिखावा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सर त्यासाठी खरोखर भांडलेले होते. कालव्याच्या तोंडाशी जमीन असलेल्यांनी पाणी दाबायचं आणि टोकाच्यानं कोरड्या चारीकडे बघत बसायचं, हे त्यांना सहन होत नसे. भर बैठकीत बड्या धेंडांना चार शब्द सुनावून ते घरी यायचे, तेव्हा लेकीला आपल्या बापाचा अभिमान वाटायचा. तिच्या स्वतःच्या ओळी थोडक्यात होत्या. सांडपाण्याचं जैविक शुद्धीकरण, आणि मैलाटाकीत माणूस उतरवावा लागणार नाही अशा रचना.

एवढ्यात मागच्या दारी कुणीतरी खाकरलं.

"मामा आले वाटतं," म्हणत काकू उठल्या. सरांच्या पत्नीला सगळं आवार काकू म्हणे, तसंच मागच्या दारी आलेल्या त्या माणसाला सगळं आवार मामा म्हणे. विद्यापीठाच्या गटारांची आणि मैलाटाक्यांची सफाई त्यांच्याकडे होती. मोरी तुंबली की मामा, वास आला की मामा. एवढ्या भाच्यांचा हा मामा, पण कुणाच्या घरच्या कार्याला त्यांना बोलावणं गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कठड्यावर, एक निळा कप पालथा ठेवलेला असे. कान तुटलेला. मामा तो उचलून खिडकीशी धरत, काकू वरून चहा ओतत, आणि चहा झाला की मामा बागेतल्या नळावर कप विसळून परत जागच्या जागी पालथा घालत. इतकं बिनबोभाट चालायचं की त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. काकू मनानं वाईट नव्हत्या. मामांना शिळं कधी दिलं नाही. मामांची बायको आजारी पडली तेव्हा औषधं याच घरातून गेली. लेकीनं कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं, "आई, त्यांचा कप बाहेर का गं?" काकू म्हणाल्या होत्या, "अगं, दिवसभर घाणीत हात असतात त्यांचे." लेकीला ते पटलं नव्हतं, पण तिनं पुन्हा विषयही काढला नाही.

पुढे तिचे स्वतःचे हात त्याच घाणीत जाऊ लागले. वसतिगृहाच्या मैल्याचे नमुने बाटल्यांत भरून ती घरी यायची, साबणानं हात धुवायची आणि फुलांच्या कपात चहा प्यायची. साबणानं हात मामाही धूत. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असं त्या घरात कुणाला सुचलं नाही. घरात दोन पीएचड्या होत्या.

ती या विषयाकडे वळली तीही मामांमुळेच. ती शिकत असताना मामांचे थोरले भाऊ वसतिगृहाच्या टाकीत उतरले आणि वायू लागून आतच गेले. हिरवळीवर ठेवलेला तो चिखलानं माखलेला देह तिनं पाहिला होता. तेव्हा तिनं रडत मामांना शब्द दिला होता, "मामा, तुम्हाला कधी उतरावं लागणार नाही असं काहीतरी मी करेन." त्या दुःखातही मामा म्हणाले होते, "माझ्या रिटायरमेंटच्या आत करा म्हणजे झालं, ताई."

आणि तिनं केलं. सरांच्या बंगल्यामागे, वसतिगृहाच्या गटाराला लागून, तिनं खडी आणि वाळूचा लांबलचक वाफा केला, त्यात बोरूचं उंच पाणगवत लावलं. मैलापाणी पंपानं थेट वाफ्यावर यायचं, मुळांतले जिवाणू घाण खाऊन टाकायचे आणि दुसऱ्या टोकाच्या नळातून नितळ पाणी पडायचं. पुढच्या आठवड्यात कुलगुरू आणि नगरपालिकेचे मुख्य अभियंता ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर सगळ्या वसतिगृहांना असे वाफे होणार होते, मागून शहरालाही. म्हणजे मैलाटाक्या बंद, आणि त्यात माणूस उतरवणंही बंद. एवढ्यासाठी तिनं उमेदीची वर्षं घातली होती. शेवटी सर पाहुण्यांसमोर त्या नळाचं पाणी ग्लासभर पिऊन दाखवणार होते.

तो दिवस उजाडला आणि पंप बंद पडला. पंप होता वाफ्याच्या तोंडाशी, जमिनीतल्या एका चेंबरमध्ये. त्यात चिंध्या अडकल्या होत्या. उपसा करणारी गाडी दुपारनंतर मिळेल असं कळलं, आणि पाहुणे तर वाटेवर होते.

सरांनी मामांना बोलावलं. "मामा, तेवढं बघता का? पाच मिनिटांचं काम आहे."

"बाबा, उतरायचं नाही ना कुणी," लेक म्हणाली.

"झाकण काढून जरा हवा जाऊ दे. उथळच आहे ते. आज दाखवता आलं नाही तर फाइल पुन्हा खाली जाईल. मग सगळीकडे माणसं उतरतच राहतील. ते चालेल का तुला?"

कुजलेल्या मैल्यातला वायू झाकण काढून चटकन जात नाही, गाळ ढवळला की नव्यानं उठतो, हे ती दर वर्षी वर्गात शिकवत असे. मामांनी सरांकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहिलं.

"ताई, उतरू का?"

ती म्हणाली, "लवकर या वर."

मामांनी कमरेला दोर बांधला आणि ते उतरले. दोराचं दुसरं टोक धरून ती उभी होती, आणि आपण हे काय करतोय ते तिला कळत होतं. खालून चिंध्यांचा बोळा वर आला. पंप घरघरला, वाफ्यावर पाणी पसरू लागलं, सर आनंदानं घड्याळ बघत पुढच्या फाटकाकडे गेले. मामा वर आले ते पांढरेफटक पडून. त्यांना उलटी झाली. तिथंच चेंबरच्या कडेला बसून ते म्हणाले, "ताई, पाणी."

ती धावली. झाडाखाली पाहुण्यांसाठी टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, गार पाण्याचा जग, लखलखीत ग्लास. ती त्या टेबलाला वळसा घालून पुढे गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन थांबली. कठडा रिकामा होता.

"आई, मामांचा कप कुठंय?"

"आत ठेवलाय गं, ओट्याखालच्या कपाटात," आतून काकू म्हणाल्या. "पाहुण्यांना दिसला तर बरं दिसत नाही ना."

आत जाऊन ती कपाटापुढे बसली. साबणाचे पुडे आणि फडकी बाजूला सारून तिनं मागे लपवलेला कप बाहेर काढला. तो हातात आल्यावर मग तिला ते टेबल आठवलं. ग्लास हाताशी होते. जग भरलेला होता. कुणी अडवलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते, आईसुद्धा टेबलाजवळ नव्हती. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिची ती आली होती. शरमेनं तिचे कान तापले.

ती धावत परत आली तर चेंबरपाशी मामा नव्हते. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला, नळाखाली गुडघे टेकून, ते ओंजळीनं पाणी पीत होते. मैल्यातून नितळून आलेलं, जे पिऊन दाखवल्याबद्दल थोड्या वेळानं टाळ्या पडायच्या होत्या, तेच पाणी.

मामांनी तोंड पुसलं आणि वर पाहिलं. त्यांची नजर तिच्या हातातल्या कपावर गेली. ती कप पाठीमागे घ्यायला गेली, पण ते दिसायचं राहिलं नाही.

"चव बरी आहे की, ताई, तुमच्या पाण्याला," मामा म्हणाले.

"दवाखान्यात चला, मामा."

"आता बरं आहे. पाहुणे आले बघा तुमचे."

गाड्या खरंच आल्या होत्या. सरांनी मामांना खुणेनंच आडोशाला बसायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली. ते फार छान बोलले. टोकाच्या माणसाला पहिलं पाणी, हे त्यांनी असं काही मांडलं की मुख्य अभियंत्यांनी मान डोलावली. मग त्यांनी नळाचं पाणी ग्लासात भरून घटाघटा प्यायलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

"हे पाणी पिणारे तुम्ही पहिले," कुलगुरू म्हणाले.

"हक्क खरं तर माझ्या लेकीचा होता," सर हसत म्हणाले. "ये गं, तू बोल दोन शब्द."

ती पुढे आली आणि निळा कप तिनं पांढऱ्या चादरीवर ठेवला.

"पहिले बाबा नाहीत," ती म्हणाली. "पहिले मामा, ते तिकडे झाडामागे बसलेत. आज आम्ही त्यांना चेंबरमध्ये उतरवलं. माणूस उतरायला नको म्हणून हा वाफा केला, आणि तो तुम्हाला दाखवायचा म्हणून त्यांना उतरवलं. दोर मीच धरला होता. वर येऊन त्यांनी पाणी मागितलं. हा जग इथंच होता. त्यातलं त्यांना मी दिलं नाही. त्यांचा कप वेगळा असतो आमच्याकडे. तो शोधत बसले. म्हणून त्यांनी नळाचं पाणी प्यायलं."

कुणीतरी कॅमेरा खाली घेतला. खिडकीत काकूंनी तोंडावर पदर धरला. सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी घाईघाईनं टेबलावरचा एक ग्लास जगातून भरला, झाडामागे गेले आणि सगळ्यांदेखत तो मामांपुढे धरला.

"घ्या, मामा."

मामा उठून उभे राहिले. "नको, सर. तहान लागली होती तेव्हा मागितलं होतं."

भरलेला ग्लास घेऊन सर तसेच उभे राहिले. तो खाली कुठं ठेवावा हेही त्यांना कळेना.

वाफ्याचा निर्णय लांबला. चौकशी बसली, आणि ती बसायलाच हवी होती. प्रात्यक्षिकाच्या रात्री काकू रडल्या, "मी काय वाईट वागले गं त्यांच्याशी? कधी नाही म्हटलं का मी?" दुसऱ्या दिवशी काकूंनी चहा फुलांच्या कपात ओतला, टेबलावर ठेवला आणि मागचं दार सताड उघडून म्हणाल्या, "मामा, आत या." मामा पायरीखालूनच म्हणाले, "पिऊन आलोय, काकू." तेव्हापासून ते घरून पाण्याची बाटली आणू लागले.

एका सकाळी सर लेकीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "ती माझी टोकाची ओळ आहे ना संकेतस्थळावर," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ती काढून टाक."

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "काढली तर आपण सुटलोच."

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी ती आवाराच्या भिंतीपलीकडे मामांच्या घरी गेली. त्या भिंतीजवळून ती रोज जायची, पण घर तिला विचारत विचारत शोधावं लागलं. मामा दारात रेडिओ दुरुस्त करत बसले होते. तिनं माफी मागितली. मामांनी ऐकून घेतलं. "मला मधे घालून बोललात, ताई. चौकशीत आधी मलाच बोलावलं. दोराशिवाय उतरलास का, म्हणून." ते मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिले. "बोललात ते खोटं नव्हतं, एवढंच."

"ते चेंबर मी बंद करून घेतलंय, मामा. किल्ली माझ्याकडे असते. कुणीही येऊ दे, काहीही अडू दे, आता कुणी उतरणार नाही."

मामांनी नुसतीच मान हलवली. ऊन चढलं होतं. ती म्हणाली, "पाणी मिळेल का?"

मामांची बायको आतल्या फळीशी गेली. तिथं पेले ओळीनं लावलेले होते, सगळ्या घराचे मिळून. एक उचलताना तिचा हात अडखळला आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मामांनी रेडिओ बाजूला ठेवला.

"आमच्याकडे पाहुण्यांचा वेगळा नाही हो, ताई," ते म्हणाले. "आम्ही पितो त्यातलाच चालेल ना?"