बाकावरचा मलप्पा

मलप्पाचा फोन वाजत होता आणि मलप्पा तो हातात धरून नुसता बघत उभा होता. पडद्यावर नाव होतं मन्मथचं, पोटच्या पोराचं. या नावाची वाट बघून बघून म्हाताऱ्याचे डोळे शिणले होते, आणि आज ते नाव भर सकाळी आपणहून उगवलं, तर हा बाबा अंगठा लांब धरून ढिम्म उभा!

"उचला की मामा," गल्ल्यावरून भारत म्हणाला.

"न्हाई उचलत. उचलला तर त्याला कळंल मी जित्ता हाय. मग कशाला येतंय ते?"

फोन वाजून वाजून थांबला. मलप्पाने तो बंडीच्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला.

भारत या हॉटेलचा मालक. लातूरहून नांदेडला निघालं की अहमदपूरच्या अलीकडे हे हॉटेल लागतं, आणि तिथे लोक जेवायला कमी, बघायला जास्त थांबतात. जुन्या सायकलच्या पोटात बसवलेलं हात धुवायचं भांडं, ट्रॅक्टरच्या सीटांच्या खुर्च्या, छताला उलटी टांगलेली बाज आणि तिच्या सुंभातून लोंबणारे दिवे. एक घड्याळ तर असं, की त्यातले बाराही आकडे घसरून तळाशी ढीग झालेत आणि काटे रिकाम्या जागेत फिरतायत. हे सगळं डोकं आनंदराजचं. लातूरचाच पोरगा, मुंबईला कला शिकून आलेला. भंगाराच्या दुकानात शिरला की त्याचा चेहरा लग्नघरात शिरल्यासारखा फुलायचा.

आणि मलप्पा दारावर. गुलाबी फेटा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, "या पाव्हणं, बसा" म्हणून दार उघडायचं. त्याआधीचं सगळं आयुष्य लातूरच्या मोंढ्यात पोती उचलण्यात गेलं होतं. त्या पोत्यांवर मन्मथ शिकला, नांदेडला सरकारी कचेरीत लागला, तिथे घर बांधलं. बायको शरणम्मा ते घर बघायला काही राहिली नाही. वास्तुशांतीला मलप्पा एकटाच गेला, आणि जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून आला. झालं असं, की पंगतीत मन्मथचे साहेब बसले होते. मलप्पाला आनंद मावेना. त्याने सदरा वर करून साहेबाला पाठीवरचे घट्टे दाखवले आणि म्हणाला, ह्या पाठीवर शिकलं माझं लेकरू. आता मन्मथने कचेरीत सांगून ठेवलेलं की आमचे वडील गावाकडे, जळकोटला, मोठे बागाईतदार. साहेब हसले, पंगत हसली आणि मन्मथचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी त्याने बापाला एसटीत बसवलं आणि खिडकीतून सांगितलं, बोलावल्याशिवाय येऊ नका. मग बोलावलंच नाही. नात शांभवी तेव्हा पाळण्यात होती. आता ती शाळेत जाते म्हणे, हे मलप्पाला गावच्या माणसाकडून कळलं.

असा माणूस दुपारच्या वेळी हॉटेलच्या बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेत होता, आणि आनंदराजची नजर पडली. बस्स, पेटलाच तो. त्याने मलप्पाला बसवलं, तोंडाला तेल लावलं, नाकपुड्यांत नळ्या घातल्या आणि वरून ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. हलायचं नाही, हसायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. महिन्याभरात फायबरचा दुसरा मलप्पा तयार झाला. तसाच बसलेला, मान किंचित कललेली, डोळे मिटलेले, कपाळावर विभूती, अंगावर खरं धोतर, डोक्यावर खरा फेटा. शेजारची जागा मोकळी, गिऱ्हाइकाने बसून फोटो काढायला.

स्वयंपाकघरात भाज्या चिरणारी सिद्धम्मा तेव्हाच कडाडली होती, जित्या माणसाचा बाहुला करू नये म्हणून. तिचं कोण ऐकतो? लोकांची झुंबड उडाली. पोरं बाहुल्याच्या मांडीवर चढायची, कुणी त्याच्या ओठात सिगारेट खोचायचं, कुणी टपली मारून बघायचं जागा होतो का. रोज हॉटेल बंद व्हायच्या आधी मलप्पा ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसायचा. खरं सांगायचं तर त्याला त्या बाहुल्याचा हेवाच वाटायचा. याच्या शेजारी बसायला रांग लागते आणि आपल्याला पोरगा दारात उभं करत नाही!

काल उदगीरकडचं एक वऱ्हाड जेवायला थांबलं. नवरदेवाच्या दोस्तांना चेव आला. उरलेला झेंडूचा जाडजूड हार त्यांनी बाहुल्याच्या गळ्यात घातला, फोटो काढले आणि खिदळत निघून गेले. आता मलप्पा लिंगायत, आणि लिंगायतांत मयताला आडवं टाकत नाहीत. बसवतात, विभूती लावतात, हार घालतात, आणि तसंच बसलेलं नेऊन पुरतात. असा डोळे मिटून बसलेला, हार घातलेला मलप्पा फोटोतून फिरत फिरत जळकोटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, तेव्हा कुणाला काय शंका येणार? सकाळपर्यंत अर्ध्या गावाने हात जोडले होते. लिंगैक्य मलप्पा. लई भला माणूस. ॐ शांती. जिवंतपणी ज्यांनी बिडीला काडी दिली नाही तेही दोन ओळी लिहून मोकळे झाले.

पहिला फोन गावच्या चुलतभावाचा आला, तो मलप्पानेच उचलला. समोरच्याची बोबडी वळली. मलप्पा पोट धरून हसला. मग त्याने विचारलं, मन्मथला कुणी कळवलं का? कळवलंय, तो निघतोय, चुलतभाऊ म्हणाला. मलप्पाचं हसू तिथंच थांबलं. त्याने भावाला शपथ घातली, आजच्या दिवस तोंड उघडायचं नाही.

भारतपुढे त्याने हातच जोडले. मी खोटं बोलणार नाही, भारत म्हणाला. पण हॉटेलच्या नंबरावर मन्मथने फोन करून अप्पांना तिथंच ठेवलंय का असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "इथंच हायत. या लवकर." मलप्पा समोरच उभा होता, तेव्हा तेही खोटं नव्हतं.

मलप्पाने दाढी करून घेतली. धुतलेला सदरा घातला. सिद्धम्माने रागारागाने विचारलं, पोरगा मयतीला येतोय आणि तुमी नवरदेवावानी नटून राहिले, लाज हाय का? तो म्हणाला, नातीला आणतंय की न्हाई, तेवढं बगायचंय. मग म्हणाला, मला बगून ते आदी घाबरंल, मग रडंल, मग मिठी मारंल. असं सगळं त्याने ठरवून टाकलं होतं.

गाडी आली तेव्हा ऊन चढलं होतं. मन्मथ एकटाच उतरला. सवयीने मलप्पा दार उघडायला धावला आणि मध्येच थांबून बाकामागे जाऊन उभा राहिला. मन्मथ आत आला, बाहुला बघितला आणि दोन पावलांवर गुडघ्यात मोडून खाली बसला. "अप्पा," एवढंच म्हणाला आणि पोरासारखा हुंदके द्यायला लागला. आपलं लेकरू आपल्यासाठी रडतंय, हे त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणखी थोडा वेळ बघत राहावं असं त्याला वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"मन्मथा," तो पुढे येऊन म्हणाला, "मी हितं हाय, लेकरा."

मन्मथने वर बघितलं. आधी याच्याकडे, मग बाहुल्याकडे. उठून त्याने बापाचा दंड चाचपला, गाल चाचपला आणि खरोखरच मिठी मारली. घट्ट. मलप्पाने डोळे मिटले. ठरवल्याप्रमाणे सगळं होत होतं.

तेवढ्यात मन्मथचा फोन वाजला. साहेबांचा होता. "हो सर... पोचलो सर... आता विधी सुरू होतील," म्हणताना त्याचा हात बापाच्या पाठीवरून खाली आला. फोन ठेवला तेव्हा चेहरा कोरडा होता.

"कुणी केलं हे?"

मलप्पाने सगळं सांगितलं. वऱ्हाड, हार, ग्रुप. फोन का उचलला नाही तेही सांगितलं, कारण आपण काही वाईट केलं असं त्याला वाटतच नव्हतं.

"सायबानं सोताची गाडी दिली मला," मन्मथ हळू आवाजात म्हणाला. "कॉलनीतल्या बाया घरी येऊन बसल्यात. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली. आता जाऊन काय सांगू? हॉटेलातल्या बाहुल्याला बाप समजून रडलो म्हणू?"

"चूक झाली म्हन. मानसाकडून होती चूक."

"जुने सायब बदलून गेले, नव्यांनाबी बागाईतदारच सांगितलंय. मग इचारतील, बागाईतदाराचा बाहुला हॉटेलात कामून? बाप दारावर काय करून राहिला?" त्याने आजूबाजूला बघितलं. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून लोक डोसे खात होते. "लई इज्जत हाय तिथं माझी, अप्पा."

"मग काय करावं म्हनतोस?"

मन्मथ फरशीकडे बघत म्हणाला, "राहू द्या तसंच."

"तसंच म्हंजी?"

"झालं ते झालं. नांदेडात तुमी न्हाईत आता. तिकडं कधी येऊ नका. पुढं खरंच काही झालं तर भारतशेठ मला कळवतील, मी येऊन गुपचूप सगळं करीन. फक्त रजेची पंचाईत व्हईल. बापाच्या मयतीला दोनदा रजा मागता येत न्हाई."

मलप्पाला वाटलं पोरगा थट्टा करतोय. त्याने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. कुणीतरी गरम तवा छातीवर ठेवावा तसं झालं म्हाताऱ्याला, पण आवाज चढला नाही.

"रईवार बगून मरतो," तो म्हणाला.

मन्मथ काही बोलणार तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी चेहऱ्यासकट. पडद्यावर सून होती, डोईवर पदर घेतलेली, मागे कॉलनीतल्या बायका दाटीने बसलेल्या. पोरगी ऐकत नाही, ती म्हणत होती, आजोबांना एकदा बघायचं म्हणून बसलीय. शेजारच्या काकूही म्हणतायत, शेवटचं दर्शन होऊ द्या लेकराला.

मन्मथने बापाकडे बघितलं. मलप्पानेही बघितलं. मग मन्मथने मोकळ्या हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा, आणि फोन बाकाकडे वळवला.

मलप्पा बाजूला झाला. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकला. तिथून त्याला मन्मथच्या खांद्यावरून पडद्याचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यात दोन वेण्या आणि शरणम्माचं नाक.

"आजोबा झोपलेत?" पोरगी म्हणाली.

"हो बाळा. नमस्कार कर," मन्मथ म्हणाला.

पोरीने हात जोडले आणि वेण्या पुढे पडेपर्यंत वाकली. भिंतीशी उभ्या मलप्पाचा उजवा हात वर गेला. औक्षवंत व्हय, असे त्याचे ओठ हलले, पण आवाज त्याने घशातच धरून ठेवला. फोनमध्ये ऐकू गेला असता.