ऑस्बर्टचा शंख

सेंट क्रॉयला जायला पासपोर्ट लागत नाही, हे माझं ओहायोतल्या डब्लिनमधल्या निदान दहा जणींना सांगून झालं होतं. बेट कॅरिबियन समुद्रातलं, पण अमेरिकेचंच. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, स्टिअरिंगही डावीकडेच असतं, आणि याचं तिथं कुणालाच काही वाटत नाही. माझी मुलगी प्रीता तिथल्या एका छोट्या कोळीवाड्यात राहते आणि मासे मोजते. ओहायोत वाढलेली, जिच्या घरात कधी मासा शिजला नाही, अशी ही मुलगी.

मोजते म्हणजे, होड्या धक्क्याला लागल्या की एकेक मासा फळीवर आडवा ठेवायचा आणि त्याची लांबी लिहून घ्यायची. सरकारी काम. कोळ्यांना ते मुळीच आवडत नाही. पूर्वी असंच कुणी मोजून गेलं आणि पाठोपाठ मासेमारीवर बंदी आली, असं ते म्हणतात. पाच महिने प्रीताला कुणी माशाला हात लावू दिला नव्हता. मग तिच्या घरमालकीण मिस आयन्थी एक दिवस धक्क्यावर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही पोर माझी आहे." त्या एका वाक्यावर माझ्या लेकीचं काम चाललं होतं. मोजणीचं वर्ष पुरं व्हायला चार महिने उरले होते, आणि मधेच खंड पडला तर आधीची सगळी आकडेवारी फुकट जाणार होती. हे मला विमानतळावरून येतानाच तिनं नीट समजावून सांगितलं.

"आणि आई, इथे कोणी पण भेटलं की आधी गुड मॉर्निंग. डायरेक्ट बोलायला सुरुवात नाही करायची. रूड समजतात."

"मला शिकवतेस?"

"आणि प्लीज, कशाला हात लावू नकोस."

घरी पोचल्यावर मी दारातूनच विचारलं, "प्रीताची खोली कुठली हो?" मिस आयन्थी गुड आफ्टरनून म्हणाल्या आणि थांबल्या. मी गुड आफ्टरनून म्हणेपर्यंत खोली कुठली ते कळलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, ताठ, गुडघे मात्र गेलेले. मिस म्हणायचं ते मानानं; नवरा ऑस्बर्ट फेब्रुवारीत वारला होता. पन्नास वर्षं त्यानं समुद्रावर काढली आणि गेला तो घरात, जेवताना. त्यांचं घर टेकाडावर, खाली धक्का, मधे अठ्ठेचाळीस पायऱ्या. संध्याकाळी त्या माझ्यासोबत उतरल्या, तेव्हा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून थांबत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही धक्क्यावर गेलो. होड्या अजून यायच्या होत्या. प्रीता बर्फ आणायला गाडी घेऊन गेली आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये एकटी उरले. जाळी, दोरखंड, माशांचे तारेचे पिंजरे, आणि वर फळीवर एक शंख. चांगला हातभर, आतून गुलाबी. त्याचं टोक कापलेलं होतं आणि कापलेली कड ओठांनी घासून घासून गुळगुळीत झाली होती.

आता इथे मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या मंडळाच्या गणपतीत शंख वाजवणारी मी एकटी बाई आहे. पुरुष गाल फुगवून फुगवून लाल होतात आणि नुसती हवा निघते. मी यूट्यूबवर बघून बेसमेंटमध्ये शिकले. आरतीआधी लोक माझ्याकडे वळून बघतात ते मला आवडतं, फार आवडतं. तेव्हा मी शंख घेऊन बाहेर आले, फोन बर्फाच्या खोक्याला टेकवून उभा केला, व्हिडिओ सुरू केला, मनात म्हटलं ग्रुपवर टाकू, आणि समुद्राकडे तोंड करून शंख फुंकला. तीन वेळा. काय आवाज होता! आमच्या मंडळातला त्याच्यापुढे पिपाणी.

पहिल्यांदा एक माणूस बादली घेऊन सायकलवरून आला. मग दोन बायका ॲल्युमिनियमची पातेली घेऊन. मग आणखी. "कुणाची होडी?" एकीनं विचारलं. मी हसून गुड मॉर्निंग म्हटलं. शिकवलं होतं ना.

मग मिस आयन्थी दिसल्या. घरातल्या सपाता, केसांना अर्धवट बांधलेला रुमाल, काखेत पांढरं घमेलं. त्या पायऱ्यांवर थांबत नव्हत्या. उतरल्या त्या सरळ धक्क्याच्या टोकाला गेल्या आणि रिकाम्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"ऑस्बर्ट?" त्या म्हणाल्या.

त्या वळल्या तेव्हा त्यांना माझ्या हातातला शंख दिसला. जवळ येऊन त्यांनी तो काढून घेतला, त्याचं तोंड झग्याच्या टोकानं पुसलं, जागेवर ठेवला आणि परत पायऱ्या चढायला लागल्या. घमेलं तिथंच राहिलं.

सायकलवाल्यानं मला सांगितलं. पूर्वी मासे घेऊन आलेली प्रत्येक होडी शंख वाजवायची, गावानं भांडी घेऊन खाली यावं म्हणून. ज्याच्या त्याच्या शंखाचा आवाज वेगळा, घरात बसून कळायचं कोण आलं. आता सगळे फोनवर मेसेज टाकतात. ऑस्बर्ट तेवढा शेवटपर्यंत वाजवायचा. "फेब्रुवारीपासून त्या शंखाला कुणी शिवलं नाही," तो म्हणाला आणि रिकामी बादली हँडलला अडकवून निघून गेला.

प्रीता बर्फ घेऊन आली तोवर गावभर झालं होतं.

"आई, व्हॉट डिड यू डू?"

"मला वाटलं शोभेचा आहे."

"शोभेचा? बाबा बरोबर म्हणतात. तू ना, अगदी शंख आहेस."

तिच्या मराठी शिव्या तेवढ्याच, बापाकडून उचललेल्या. एरवी आम्ही दोघी हसलो असतो.

नऊला होड्या आल्या. प्रीता फळी मांडून उभी राहिली. कुणी मासा ठेवला नाही. रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं, ते नुसते तिला वळसा घालून जात होते. शेवटच्यानं सांगितलं, "मिस आयन्थीला विचार." प्रीतानं कोरा कागद तारीख घालून फाईलला लावला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी वर गेले. मिस आयन्थी ओट्यावर बसल्या होत्या.

"गुड मॉर्निंग."

म्हणावंच लागतं म्हणून त्यांनीही म्हटलं, "गुड मॉर्निंग."

मी माफी मागितली आणि तिथं थांबायला हवं होतं, पण मी गणपती, आरती, मंडळ, सगळं सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्यात कशासाठी वाजवतात?"

"देव आलाय हे सांगायला."

"मग, तो आलेला असतो?"

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"इथे कुणी आलं नसताना वाजवत नाहीत," त्या म्हणाल्या. "खाली अकरा जण भांडी घेऊन आले होते. प्रत्येकाच्या दारात जा आणि तुझ्या तोंडानं सांग, की तू वाजवलास. पोरीनं नाही."

"तुम्ही मला माफ..."

"अकरा घरं."

मी अकरा घरं फिरले, अकरा वेळा आधी गुड आफ्टरनून म्हणून. एका घरी मला सरबत दिलं, ते सांगण्यापेक्षा पिणं अवघड गेलं. एका म्हातारीनं परत परत सांगायला लावलं, तिला ऐकू कमी येत होतं की मजा वाटत होती कोण जाणे. एकानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. रात्री तो व्हिडिओ पाहिला. मी गाल फुगवून उभी, आणि मागे, टेकाडावर, एक दार उघडतं. तो मी पुसला नाही. पुसला तर सुटल्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याच्या भावानं फळीवर एक पोपटमासा आणून टाकला. मग दुसऱ्यानं. दार लावणाऱ्यानं त्या दिवशी नाही टाकला आणि नंतरही कधी नाही, पण प्रीता म्हणते, एवढं चालतं. तिचं काम वाचलं. मला ती एअरपोर्टवर सोडायला आली तेव्हा मिठीही मारली, जरा घाईत.

आता मी डब्लिनहून दर रविवारी फोन करते.

"मिस आयन्थी काय म्हणतात?"

"ठीक आहेत. आता खाली येत नाहीत."

"गुडघे?"

"गुडघे सेम आहेत, आई. आधी रोज यायच्या, होड्या आल्या की, दोघांपुरता मासा घ्यायला. आता मीच त्यांचा मासा वर घेऊन जाते. फर्स्ट डे ला मी मोठा नेला तर म्हणाल्या, एवढा नको, एका माणसाचा आण."

मी "बरं" म्हटलं, आणि कुकरची शिट्टी झाली असं खोटंच सांगून फोन ठेवला.